हुसेन : कोऱ्या चेहऱ्याचा चित्रकार

आषाढ शुद्ध एकादशी जवळ आली म्हणजे सोलापूर जिल्ह्याचें तोंड पंढरपूरकडे वळतें. खांद्यावर पताका, डोईवर तुळशीवृंदावन आणि काखेंत छत्री अशा थाटांत पायीं चालत आलेल्या लाखों माणसांचा ओघ चंद्रभागेच्या वाळवंटांत उतरतो. साऱ्या महाराष्ट्राला हें गांव विठ्ठलाचें म्हणून ठाऊक आहे. याच गांवांत १७ सप्टेंबर १९१५ रोजीं एका सुलेमानी बोहरा कुटुंबांत एक मुलगा जन्मला व त्याचें नांव मकबूल ठेवण्यांत आलें. पुढें मकबूल फिदा हुसेन या नांवानें याच मुलाची कीर्ति देशोदेशीं गेली. ९ जून २०११ रोजीं, वयाच्या ९६ व्या वर्षीं, लंडन येथें त्यांचें निधन झालें. चित्रें, भित्तिचित्रें, खेळणीं, चित्रपट, कविता, आत्मकथन असा जो पसारा त्यांनीं मागें ठेवला तो पाहिला म्हणजे हें सारें एकाच माणसाच्या हातून घडलें यावर चटकन् विश्वास बसत नाहीं.

या पसाऱ्यांत हिंडतांना प्रेक्षकाला कांहीं वस्तू पुन्हां पुन्हां भेटतात. एक छत्री असते, एक कंदील असतो, कोठें एखादा एकटाच बूट पडलेला असतो. एका प्रसिद्ध चित्रांत तर स्त्रीच्या हातांतून चक्क एक कोळी लोंबत असतो. या वस्तू तेथें कां आल्या, त्यांचा एकमेकींशीं संबंध काय, असा प्रश्न सामान्य प्रेक्षकाला पडतो. आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे हुसेन यांच्या कित्येक स्त्रियांना चेहराच कां नाहीं? डोळे, नाक, ओठ यांच्या जागीं नुसता रंगाचा सपाट तुकडा असतो. जागेपणीं न जुळणाऱ्या गोष्टी जेथें शेजारीं शेजारीं नांदतात अशी जागा सर्वांच्या परिचयाची एकच आहे, व ती म्हणजे स्वप्न. म्हणूनच हुसेन यांचें नांव कधीं कधीं सर्रिअॅलिझम, म्हणजे अतिवास्तववाद, या संप्रदायाशीं जोडलें जातें. हा संबंध कितपत खरा आहे हें पाहूं गेल्यास त्यांच्या जीवनाचा आणि कलेचा बराच उलगडा होतो.

अतिवास्तववादाचा जन्म पॅरिसमधला. १९२४ सालीं आंद्रे ब्रेतों या फ्रेंच कवीनें त्याचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धांत ब्रेतों यांनीं लष्करी रुग्णालयांत काम केलें होतें व मन बिघडलेल्या सैनिकांचीं असंबद्ध बोलणीं जवळून ऐकलीं होतीं. त्या असंबद्धतेंतहि कांहीं सत्य दडलेलें असतें, हें त्यांना फ्रॉइडच्या मानसशास्त्रावरून पटलें. बुद्धीचा पहारा ढिला करावा, स्वप्न आणि जागृति यांमधली भिंत पाडावी आणि मनाच्या तळघरांतून जें वर येईल तें जसेंच्या तसें कागदावर किंवा कापडावर उतरूं द्यावें, असा या मंडळींचा बाणा होता. माक्स एर्न्स्ट यानें जुन्या पुस्तकांतलीं चित्रें कापून त्यांतून विलक्षण देखावे जुळविले. साल्व्हादोर दाली यानें १९३१ सालीं ओल्या कपड्यांसारखीं वाळत घातलेलीं मऊ घड्याळें रंगविलीं. मेरेट ओपेनहाइम या तरुण कलावतीनें १९३६ सालीं चहाचा पेला, बशी आणि चमचा यांना केसाळ कातडें चढविलें. ओळखीची वस्तु अनोळखी जागीं ठेवली म्हणजे पाहणारा दचकतो, आणि दचकल्यामुळें ती वस्तु जणूं पहिल्यानेंच पाहतो, ही या संप्रदायाची मुख्य किल्ली होय.

हुसेन या संप्रदायाचे कधींच सभासद नव्हते. त्यांनीं त्याच्या जाहीरनाम्यावर सही केली नाहीं किंवा मनाच्या तळघराविषयीं सिद्धांतहि मांडला नाहीं. मग त्यांच्या चित्रांत ती किल्ली कोठून आली? तिचा शोध घेण्यासाठीं पॅरिसला जाण्याचें कारण नाहीं. पंढरपुरापासून सुरुवात केली कीं पुरे.

मकबूल दीड वर्षाचा असतांना त्याची आई झैनब वारली. तिचें एकहि छायाचित्र मागें राहिलें नाहीं. आईचा चेहरा आपल्याला आठवत नाहीं, ही गोष्ट हुसेन यांनीं म्हातारपणापर्यंत अनेकदां सांगितली. ती महाराष्ट्रांतल्या बायकांप्रमाणें नऊवारी लुगडें नेसत असे, एवढेंच त्यांना ऐकून ठाऊक होतें. म्हणजे लुगडें होतें, पदर होता, पण पदराच्या आंत चेहरा नव्हता. आई गेलेल्या या लेंकरावर आजोबांचा फार जीव होता. ते पत्र्याचें काम करीत, दिवे व कंदील बनवीत. लहानपणींच्या स्मृतींत माणसांच्या चेहऱ्यांपेक्षां वस्तू अधिक घट्ट रुतून बसतात, असा पुष्कळांचा अनुभव आहे. ज्या मुलाच्या स्मृतींत सर्वांत जवळच्या माणसाची जागा रिकामी आहे, त्याला ओळखीच्या वस्तूच माणसांसारख्या वाटूं लागल्या तर नवल नाहीं. हुसेन यांच्या चित्रांतला कंदील या घरांतून आला आहे.

वडिलांनीं दुसरें लग्न केलें आणि बिऱ्हाड इंदूरला हललें. वडील तेथें कापडाच्या गिरणींत नोकरी करीत. इंदूरच्या रामलीला मकबूलनें लहानपणीं पाहिल्या, आणि राम, रावण, हनुमान हीं पात्रें त्याच्या मनांत कायमचीं उतरलीं. मधल्या कांहीं काळांत त्याला बडोद्याच्या मदरशांत पाठविण्यांत आलें. तेथें तो सुलेखन शिकला. कुफी लिपीचीं तीं कोनाकोनांचीं अक्षरें गिरवीत असतां अक्षर हें वाचावयाचें असतें त्याचप्रमाणें पाहावयाचेंहि असतें, ही जाणीव त्याला झाली असली पाहिजे. हुसेन यांची पुढची रेषा पाहिली कीं तिच्यामागें लेखणी झिजविलेला हात आहे हें लगेच कळतें. इंदूरला दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांची कलाशाळा होती. ना. श्री. बेंद्रे यांच्यासारखे चित्रकार ज्या शाळेंत घडले त्याच शाळेंत हुसेन यांनींहि कांहीं काळ धडे घेतले. मात्र पदवी, पारितोषिक, परदेशची शिष्यवृत्ति असा सरळ रस्ता त्यांच्या वांट्यास आला नाहीं.

१९३० नंतरच्या दशकांत हुसेन मुंबईंत आले. पोट भरण्यासाठीं त्यांनीं चित्रपटांचे जाहिरात फलक रंगविण्याचें काम धरलें. चौरस फुटामागें कांहीं आणे मिळत. या धंद्याची रीत अशी: चित्रपटांतल्या छायाचित्रावर चौकटी आखावयाच्या, त्याच चौकटी कैकपट वाढवून फलकावर उतरावयाच्या आणि परांचीवर उभें राहून एकेक चौकट रंगानें भरीत जावयाचें. काम करणाऱ्याच्या समोर हातभर अंतरावर नुसता एक प्रचंड डोळा असतो, किंवा नुसता ओठ असतो. त्याचें नाक दूर वर असतें व हनुवटी पायांखालीं असते. संबंध चेहरा पाहावयाचा तर खालीं उतरून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभें राहावें लागतें. खालीं ट्रॅम आणि टांगे धांवताहेत आणि वर पंधरा फुटी नायिका अश्रु ढाळते आहे, हा देखावा मुंबईच्या माणसाला इतका नित्याचा झाला होता कीं त्यांतलें विलक्षणपण त्याच्या ध्यानांतहि येत नसे. परांचीवर वर्षांनुवर्षें उभ्या राहिलेल्या हुसेन यांच्या मात्र तें हाडींमासीं खिळलें. मोठी झेप घेणारी रेषा, सपाट व धीट रंग, कामाचा विलक्षण झपाटा आणि लहान-मोठ्याचें नेहमींचें प्रमाण मोडण्याची निर्भयता, हें सर्व या शाळेंतलें शिक्षण होय.

१९४१ सालीं फाजिला यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. संसार वाढला, तेव्हां फलकांच्या अनिश्चित मिळकतीवर भागेना. त्यांनीं लहान मुलांसाठीं लांकडी खेळणीं व फर्निचर यांचे नमुने काढून देण्याची नोकरी धरली. लांकडाच्या सपाट तुकड्यांतून घोडा किंवा बैलगाडी कापावयाची तर अनावश्यक तें सर्व सोडून द्यावें लागतें. घोड्याचें घोडेपण मानेच्या एका वळणांत पकडावें लागतें. पुढें जगभर गाजलेले हुसेन यांचे घोडे पाहतांना या खेळण्यांची आठवण ठेवणें उपयोगाचें आहे.

१९४७ सालीं बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांत त्यांचें ‘सुनहरा संसार’ हें चित्र लागलें आणि फलकवाल्या हुसेनांकडे मुंबईच्या कलावंतांचें लक्ष गेलें. गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनीं त्यांना आपल्या नव्या मंडळांत, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्यें, बोलावून घेतलें. सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे आणि हुसेन हे या मंडळाचे सहा आधारस्तंभ. १९४८ सालीं हुसेन सूझांबरोबर दिल्लीस गेले आणि तेथें भरलेल्या प्राचीन भारतीय कलेच्या मोठ्या प्रदर्शनांत त्यांनीं मथुरेचीं शिल्पें, गुप्तकालीन मूर्ति आणि बसोहलीचीं लघुचित्रें पाहिलीं. गुप्तकालीन शिल्पांतून देहाची डौलदार घडण, बसोहलीच्या चित्रांतून पेटते रंग आणि लोककलेंतून भाबडा मोकळेपणा, अशा तीन गोष्टी आपण घेतल्या असें ते पुढें सांगत. पाश्चात्त्य आधुनिक कला सूझांच्या सहवासांत त्यांच्या परिचयाची झाली होतीच. तिच्याशीं बोलणी करण्याइतकें घरचें भांडवल त्यांना दिल्लींत मिळालें.

यानंतरचीं आठ-दहा वर्षें हा हुसेन यांच्या कलेचा भरभराटीचा काळ. १९५४ सालीं त्यांनीं जवळजवळ चौदा फूट लांबीचें ‘ग्रामयात्रा’ हें चित्र केलें. त्यांत खेड्यांतल्या जीवनाचे तेरा प्रसंग शेजारीं शेजारीं मांडलेले आहेत. एका डॉक्टरांबरोबर हें चित्र नॉर्वेला गेलें व कित्येक दशकें लोकांच्या दृष्टीआड राहिलें. मार्च २०२५ मध्यें न्यूयॉर्कच्या लिलावांत तें १ कोटी ३७ लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीला विकलें गेलें. भारतीय आधुनिक चित्राला तोंवर मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत होती. १९५५ सालीं ललित कला अकादमीच्या राष्ट्रीय प्रदर्शनांत त्यांच्या ‘जमीन’ या चित्राला पुरस्कार मिळाला. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें चित्र त्याच्या पुढच्या वर्षीं, १९५६ सालीं, झालें. त्याचें नांव ‘कोळी आणि दिवा यांच्या मध्यें’.

या चित्रांत पांच स्त्रिया उभ्या आहेत. त्यांची ठेवण प्राचीन शिल्पांतल्या स्त्रियांसारखी आहे. वरच्या बाजूनें एक तेलाचा दिवा खालीं लोंबतो आहे. शेजारीं कांहीं अक्षरें आहेत. तीं ब्राह्मीसारखीं दिसतात, पण कोणालाहि वाचतां येत नाहींत. एका स्त्रीच्या थिजल्यासारख्या हातांतून दोऱ्याला धरलेला एक मोठा कोळी खालीं लोंबतो आहे. कोणी बोलत नाहीं, कोणी कोणाकडे पाहत नाहीं. कांहीं समीक्षकांनीं या पांच स्त्रियांत पुराणांतल्या पंचकन्या पाहिल्या आहेत. तसें मानलें तरी कोळ्याचें कोडें सुटत नाहीं. दिवा दोरीनें वरून लोंबतो, कोळी दोऱ्यानें हातांतून लोंबतो, आणि या दोन लोंबत्या गोष्टींच्या मध्यें स्त्रिया ताटकळत उभ्या आहेत. एकीकडे घरांतला उजेड, दुसरीकडे घर ओस पडलें म्हणजे कोनाड्यांत जाळें विणणारा प्राणी. ज्याच्या घरांतली स्त्री त्याला कळूं लागण्यापूर्वींच निघून गेली, त्यानें हें चित्र काढलें आहे, एवढें लक्षांत ठेवलें तरी चित्र पुष्कळ बोलूं लागतें. तीं न वाचतां येणारीं अक्षरेंहि मग अनाकलनीय वाटत नाहींत. घराविषयींची एखादी गोष्ट लिहिलेली तर आहे, पण ती वाचून दाखविणारें कोणी उरलें नाहीं, अशी ती जागा आहे.

अतिवास्तववादी चित्रकार आणि हुसेन यांच्यांतला मुख्य फरक येथें दिसतो. पॅरिसच्या मंडळींनीं जागेपण मुद्दाम सैल करून स्वप्नांतून विचित्र जोड्या वर काढल्या. हुसेन यांना तसें करावें लागलें नाहीं. त्यांच्या जोड्या जागेपणींच्या आयुष्यानें जुळवून दिल्या होत्या. कंदील आजोबांचा, अक्षर मदरशाचें, प्रचंड चेहरा फलकावरचा, आणि रिकामा चेहरा पंढरपूरचा. या गोष्टी ज्याच्या एकट्याच्या स्मृतींत शेजारीं शेजारीं राहिल्या होत्या, त्यानें त्या तशाच चित्रांत ठेवल्या.

याचा सर्वांत बोलका पुरावा त्यांनीं चित्राच्या चौकटीबाहेर दिला. १९६७ सालीं भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजननें त्यांच्याकडून एक लघुपट करून घेतला. त्याचें नांव ‘थ्रू द आईज ऑफ ए पेंटर’, म्हणजे ‘चित्रकाराच्या डोळ्यांनीं’. हुसेन यांनीं त्यासाठीं राजस्थान निवडलें. सरकारी माहितीपटांत राजस्थान म्हटलें कीं किल्ल्यांच्या इतिहासाचें निवेदन ऐकूं यावयाचें, अशी तेव्हांची रूढि. या चित्रपटांत आरंभींचे खुद्द हुसेन यांचे चार शब्द सोडले तर निवेदनच नाहीं. फक्त विजयराघव राव यांचें संगीत आहे. पडद्यावर वाळू येते, भिंती येतात, गाय येते, बायका आणि मुलें येतात. आणि त्यांच्या मधून मधून एक छत्री, एक कंदील, एक बूट अशा वस्तू वाटेल तेथें भेटत राहतात. कथा नाहीं, उपदेश नाहीं. हें काय आहे, असा प्रश्न पाहणाऱ्यांना पडल्यावांचून राहिला नसेल. परंतु त्याच वर्षीं बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवांत लघुपटांसाठींचें सुवर्ण अस्वल हें सर्वोच्च पारितोषिक या चित्रपटाला मिळालें. दाली व बुन्युएल यांनीं १९२९ सालीं पॅरिसमध्यें काढलेल्या अतिवास्तववादी लघुपटाशीं त्याची तुलना केली तर एक गोष्ट चटकन् जाणवते. तो फ्रेंच चित्रपट प्रेक्षकाला धक्का देण्यासाठीं डोळ्यावर वस्तरा फिरवितो. हुसेन यांच्या चित्रपटांत कोणालाहि इजा होत नाहीं. छत्री वाळूवर उघडी पडलेली असते, आणि पाहतां पाहतां ती कोणाची तरी वाट पाहते आहे असें वाटूं लागतें.

हुसेन यांच्या अनवाणी चालण्याची कथाहि येथें सांगण्यासारखी आहे. गजानन माधव मुक्तिबोध हे मराठी घरांत जन्मलेले पण हिंदींत लिहिणारे मोठे कवि. अंधार, भुयारें आणि भयस्वप्नें यांनीं त्यांची कविता भरलेली आहे. भारतीय काव्यांत अतिवास्तववादाच्या जवळ जाणारें कांहीं शोधावयाचें तर तेथें सांपडेल. ११ सप्टेंबर १९६४ रोजीं दिल्लींत त्यांचें निधन झालें. आयुष्यभर उपेक्षा सोसलेल्या या कवीच्या अंत्ययात्रेला हुसेन गेले आणि त्यांनीं पायांतलीं पादत्राणें सोडलीं तीं कायमचीं. पुढें त्यांचे उघडे पाय जगप्रसिद्ध झाले, आणि पुष्कळांना तें प्रसिद्धीचें साधन वाटलें. त्याचें मूळ एका कवीच्या सुतकांत होतें हें फारसें कोणी ध्यानांत घेतलें नाहीं.

त्यांच्या बहुविध कामगिरीचा नुसता नामनिर्देश करावयाचा म्हटला तरी वेळ लागेल. राममनोहर लोहिया यांच्या सूचनेवरून त्यांनीं हैदराबादच्या बद्रीविशाल पित्ती यांच्याकडे राहून रामायणाची चित्रमाला केली. १९७१ सालीं ब्राझिलमधील साओ पाउलो येथील प्रदर्शनांत पिकासोबरोबर त्यांना खास निमंत्रण मिळालें, तेव्हां त्यांनीं महाभारताची चित्रें नेलीं. अहमदाबादेंत वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांच्या साहाय्यानें जमिनीखालीं एक गुहा उभारून तिच्या ओबडधोबड भिंतींवर त्यांनीं आकृति चितारल्या. १९९२ सालीं कलकत्त्यांत त्यांनीं लोकांसमोर सहा देवींचीं चित्रें रंगविलीं, आणि अखेरच्या दिवशीं त्यांवर स्वतःच्याच हातानें पांढरा रंग फिरविला. त्याच वर्षीं मुंबईच्या जहांगीर कलादालनांत ‘श्वेतांबरी’ नांवाचें प्रदर्शन भरविलें. आंत गेलेल्या प्रेक्षकाला भिंतींवर चित्र एकहि दिसेना, होतें तें पांढरें कापड आणि जमिनीवर विखुरलेले वर्तमानपत्रांचे कपटे. कांहीं प्रेक्षक चिडले, कांहीं हंसले. परंतु रिकामी जागा हाच ज्याचा जन्मभराचा विषय होता, त्यानें एकदां संपूर्ण दालनच रिकामें करून दाखविलें, यांत विसंगति कोणती?

त्या रिकाम्या जागेला १९८० नंतर एक नांव मिळालें. मदर तेरेसा यांच्यावर त्यांनीं एक दीर्घ चित्रमाला सुरू केली. या चित्रांत निळ्या काठाचें पांढरें पातळ आहे, हात आहेत, मांडीवर लेंकरूं आहे. पण पदराच्या आंत मुख नाहीं, काळोख आहे. मदर तेरेसांचा सुरकुतलेला चेहरा जगांत कोणाला ठाऊक नव्हता? साधा फलक रंगविणारासुद्धां तो हुबेहूब उतरवूं शकला असता. हुसेन यांना तो काढावयाचाच नव्हता. मांडीवरच्या मुलाला जी दिसत नाहीं ती आई त्यांना काढावयाची होती. पुढें २००० सालीं त्यांनीं ‘गजगामिनी’ हा मोठा चित्रपट केला, त्यांत माधुरी दीक्षित यांनीं भूमिका केली. त्यांतली मूळ कल्पनाहि डोक्यावर गांठोडें घेऊन चालणाऱ्या, चेहरा न दिसणाऱ्या स्त्रीचीच आहे. चित्रपट लोकांना रुचला नाहीं. पण पंच्याऐंशीच्या घरांत आलेला एक म्हातारा अजूनहि कोणाला शोधतो आहे, हें त्यांत लपत नाहीं.

हुसेन यांचें सर्वच काम सारख्या तोलाचें आहे असें म्हणतां येणार नाहीं. घोड्यांना मागणी आली तेव्हां घोडे फार झाले. प्रसिद्धीचा मोह त्यांना होता आणि तो ते लपवीतहि नसत. आणीबाणीच्या काळांत इंदिरा गांधींना दुर्गेच्या रूपांत रंगविल्याबद्दल त्यांच्यावर झालेली टीका अनाठायीं नव्हती. सरकारी मानसन्मान मात्र त्यांना भरपूर लाभले: १९६६ सालीं पद्मश्री, १९७३ सालीं पद्मभूषण, १९८६ सालीं राज्यसभेचें सदस्यत्व, १९९१ सालीं पद्मविभूषण.

यानंतर मात्र दिवस पालटले. १९७० च्या सुमारास काढलेलीं देवतांचीं कांहीं विवस्त्र रेखाटनें १९९६ सालीं एका हिंदी मासिकानें छापलीं. देशांत संताप उसळला. निरनिराळ्या गांवच्या न्यायालयांत फिर्यादी झाल्या, त्यांच्या चित्रांची नासधूस झाली, १९९८ सालीं मुंबईंत त्यांच्या राहत्या घरावर हल्ला झाला. ज्या भाविकांना तीं रेखाटनें पाहून क्लेश झाले त्यांचे क्लेश खोटे होते असें कोणी म्हणूं नये. त्याचबरोबर, रामायण व महाभारत यांत ज्यानें आयुष्याचीं कित्येक वर्षें घालविलीं तो माणूस त्यांचा वैरी होता असेंहि म्हणतां येत नाहीं. २००६ सालीं भारतमातेच्या चित्रावरून पुन्हां वाद झाला, हुसेन यांनीं माफी मागितली, आणि त्याच वर्षीं त्यांनीं देश सोडला. ८ मे २००८ रोजीं दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति संजय किशन कौल यांनीं त्या चित्रावरून चाललेले खटले रद्द केले. नव्वदी ओलांडलेल्या चित्रकाराला आपल्या घरीं बसून चित्रें काढतां आलीं पाहिजेत, असा त्या निकालाचा आशय होता. पण निकाल त्यांच्या बाजूनें लागला तरी ते परतले नाहींत. २०१० सालीं त्यांनीं कतारचें नागरिकत्व घेतलें. लहानपणींच आईचा चेहरा गमावलेल्या माणसानें अखेरीस जन्मभूमीहि गमावली. लंडनजवळच्या ब्रूकवुड येथें त्यांचें दफन झालें, आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें त्यांच्या चित्रांचें स्वतंत्र संग्रहालय उघडलें तें दोहा शहरांत. त्या इमारतीची कल्पनाहि त्यांच्याच एका रेखाटनावर आधारलेली आहे.

तेव्हां हुसेन यांना अतिवास्तववादी म्हणावें कीं नाहीं? संप्रदायाच्या हजेरीपटावर त्यांचें नांव नाहीं, आणि तें घालण्याचा आग्रहहि धरूं नये. पण वास्तवाच्या पलीकडे जाऊन पाहिल्यावांचून वास्तव कळत नाहीं, एवढाच जर त्या शब्दाचा गाभा असेल, तर तो गाभा पंढरपूरच्या या मुलाला फार लहानपणीं, आणि फार महाग किंमत देऊन, मिळाला होता. यापुढें एखाद्या कलादालनांत किंवा एखाद्या पुस्तकांत हुसेन यांची कोऱ्या चेहऱ्याची स्त्री समोर आली, तर चित्रकारानें तोंड काढावयाचें आळसानें टाळलें असें समजून कोणीं पान उलटूं नये. चंद्रभागेच्या कांठच्या गांवांतलें दीड वर्षाचें एक मूल डोळ्यांसमोर आणावें, आणि मग त्या कोऱ्या जागेकडे पुन्हां एकदां पाहावें.